क्लायंटहोल्डचे तीन दिवस : बेळगावच्या एका पतसंस्थेचं डोमेन-प्रकरण

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५. सकाळी साडेदहाच्या सुमारास एका पतसंस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. त्यांची वेबसाइट आणि डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, आम्हीच सांभाळतो. "सर, सकाळपासून मेल येईना झालाय. वेबसाइटपण उघडेना. आणि नवल म्हणजे खानापूर शाखेत सगळं चालू आहे म्हणतात."

आवाजात राग नव्हता, काळजी होती. संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होती. अहवाल वेबसाइटवर होता आणि सभासदांना गेलेल्या छापील नोटिशीत तोच पत्ता दिलेला होता. पतसंस्थेचं दार बंद दिसलं की ठेवीदारांच्या मनात काय येतं, ते आमच्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी आधी सर्व्हर पाहिला. तो ठणठणीत होता. मग आरडॅपवर, म्हणजे डोमेनच्या नोंदी पाहायच्या सार्वजनिक सेवेवर, डोमेनची नोंद काढली. जुन्या हूइजची जागा आता आरडॅपने घेतली आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी हूइज चालवण्याचं बंधन २८ जानेवारी २०२५ पासून उरलेलं नाही. नोंदीत स्थितीच्या रकान्यात 'क्लायंट होल्ड' असे शब्द दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला.

हा शब्द नवख्याला फसवतो. यातला क्लायंट म्हणजे आपला ग्राहक नव्हे. रजिस्ट्री म्हणजे डॉट कॉमसारख्या विभागाची मुख्य यादी ठेवणारी संस्था, रजिस्ट्रार म्हणजे आपल्याला डोमेन नोंदवून देणारी कंपनी. हे दोघे एकमेकांशी ईपीपी नावाच्या ठरावीक भाषेत बोलतात. त्या भाषेत रजिस्ट्री हा सर्व्हर आणि रजिस्ट्रार हा क्लायंट. म्हणजे रजिस्ट्रारनेच हे डोमेन थांबवून ठेवलं होतं. होल्ड लागला की डोमेनचं नाव डॉट कॉमच्या मुख्य यादीतून बाहेर काढलं जातं. वेबसाइट आणि मेल आपापल्या जागी असतात, पण तिथवर नेणारी पाटी उतरवलेली असते. खानापूरला चालू होतं त्याचं कारणही हेच. डॉट कॉमच्या यादीतली नेमसर्व्हरची, म्हणजे डोमेनचा ठावठिकाणा सांगणाऱ्या सर्व्हरची, माहिती ४८ तासांपर्यंत साठवून ठेवायची मुभा असते. खानापूरच्या इंटरनेटवाल्याकडे कालची पाटी शिल्लक होती. निपाणी शाखेत दुपारी बंद पडलं, खानापूरला बुधवारी संध्याकाळी.

होल्ड कशामुळे, हे शोधायला दहा मिनिटं लागली. रजिस्ट्रारच्या खात्यात लिहिलं होतं : नोंदणीधारकाच्या मेलची पडताळणी १५ दिवसांत झाली नाही. आणि पंधरा दिवस मागे गेलं की तारीख येते २५ ऑगस्ट. त्या दिवशी त्या नोंदीला हात लावणारे आम्हीच होतो. आम्ही म्हणजे आमचं साधन, आणि त्या साधनाला 'हो' म्हणणारा मी.

ही नोंद म्हणजे काय

डोमेन विकत घेतलं असं आपण म्हणतो, पण खरं तर ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवलेलं असतं. नोंद कुणाच्या नावावर आहे हे संपर्काच्या रकान्यांत लिहिलेलं असतं : नाव, संस्था, पत्ता, फोन, मेल. शेतजमिनीच्या उताऱ्यावर ज्याचं नाव तो खातेदार, तसं इथे नोंदणीधारकाच्या रकान्यात ज्याचं नाव त्याचं डोमेन. पैसे कुणी भरले, वेबसाइट कुणी बांधली, याला तिथे किंमत नाही. आमच्या भागात कुणाच्याही घरी जा, उतारा कपाटात जपून ठेवलेला असतो. डोमेनच्या या नोंदीकडे मात्र वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. त्यात २५ मे २०१८ ला युरोपचा गोपनीयता कायदा लागू झाल्यापासून ही माहिती बाहेरून पाहणाऱ्यापासून झाकली जाते. तेव्हापासून मालकालाही स्वतःचं नाव बाहेरून दिसेनासं झालं. खात्याची किल्ली ज्याच्या हाती, त्यालाच ते दिसतं. बहुतेक वेळा ती किल्ली आमच्यासारख्या वेबसाइटवाल्याकडे असते.

मागे रकाने चार असत : नोंदणीधारक, प्रशासकीय, तांत्रिक आणि बिलाचा संपर्क. डोमेनांचे जागतिक नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेचं नोंदणी-माहितीचं नवं धोरण २१ ऑगस्ट २०२५ पासून पूर्ण लागू झालं आणि त्यात प्रशासकीय संपर्काची सक्ती गेली. संस्थेच्या नावाची जागा भरलेली असेल, तर नोंदीची मालक ती संस्थाच मानायची, हेही त्यात स्पष्ट आहे. पतसंस्था, शाळा, मंडळं यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. चेअरमन बदलतो, सेक्रेटरी निवृत्त होतो, संस्था राहते.

डॉट कॉम आणि डॉट नेटच्या संपर्क-नोंदी रजिस्ट्रीकडे नसतात, त्या रजिस्ट्रारच्याच दप्तरात असतात, हेही इथे सांगायला हवं. रजिस्ट्रार एका संपर्काला एक क्रमांक देतो आणि तो क्रमांक कितीही डोमेनांना जोडता येतो. सोय म्हणून हे छान आहे. पण एका नोंदीत बदल केला की तिला जोडलेल्या सगळ्या डोमेनांत तो बदल होतो, हे जोडताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

साधन का आणलं

टिळकवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं काम करतो. सांभाळायला ३७ डोमेन. त्यात उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप आहेत, शहापूरचे साडीवाले, खानापूरकडचे काजूवाले, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, दोन शाळा, काही पतसंस्था. शिवाय कारखाना सीमेपलीकडे शिनोळीत आणि हिशेबाचं ऑफिस बेळगावात, असेही ग्राहक आहेत. त्यांच्या नोंदीत गाव एका राज्यातलं आणि राज्य दुसरं, असं हमखास सापडतं.

नोंदींची अवस्था पाहून वाईट वाटायचं. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारने १२ शहरांची नावं बदलली, त्यात बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या नोंदींत रोमन लिपीतलं जुनं इंग्रजी रूप, नंतरच्या नोंदींत नवं, आणि मधल्या काळातल्या नोंदींत ज्याच्या त्याच्या कानाला आलं तसं. निपाणीत 'पी' एक की दोन, चिकोडीत 'के' एक की दोन, यावर आमच्याच दोन फायलींत एकमत नव्हतं. फोन नंबरांची तऱ्हा वेगळीच. ईपीपीत नंबर लिहायची रीत ठरलेली आहे : अधिकचं चिन्ह, देशाचा क्रमांक, मग टिंब, मग बाकीचे आकडे. म्हणजे ९१ नंतर टिंब आणि मग ८३१ पासून पुढे. कुणी बेळगावच्या कोडातला पुढचा शून्य तसाच ठेवलेला, कुणी टिंब विसरलेलं.

म्हणून जुलैत आम्ही टेराफॉर्म वापरायचं ठरवलं. या साधनाची पद्धत सरळ आहे. काय असायला हवं ते तुम्ही फाइलमध्ये लिहायचं. साधन रजिस्ट्रारच्या एपीआयला, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायच्या खिडकीला, विचारून सध्या काय आहे ते वाचतं, दोन्हींतला फरक दाखवतं, आणि तुम्ही होकार दिलात की फाइलप्रमाणे नोंद बदलतं. फरक दाखवण्याच्या पायरीला प्लॅन म्हणतात, बदल करण्याच्या पायरीला अप्लाय. आधी काय केलं होतं याची वही ते स्टेट फाइलमध्ये ठेवतं. त्या फाइलमध्ये लोकांचे फोन आणि पत्ते उघडे लिहिलेले असतात. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा हाताशी असताना ती फाइल कुठे ठेवायची याचा विचार पहिल्या दिवशीच करायला हवा. तेवढं आम्ही केलं होतं.

आमच्या धाकट्या सहकाऱ्याने बिलांच्या रजिस्टरवरून २२ संपर्कांची फाइल तयार केली. मेहनतीचं काम होतं, त्याने मन लावून केलं. फाइल तपासायची जबाबदारी माझी होती.

बावीस

पहिल्या दिवसापासून प्लॅन चालवला की खाली एकच आकडा यायचा : २२ बदल. कारण साधं होतं. आमच्या फाइलमध्ये फोन नंबर टिंबाशिवाय होते. अप्लाय केलं की नंबर जायचा, रजिस्ट्रार तो आपल्या रीतीने टिंब घालून साठवायचा, आणि दुसऱ्या दिवशी साधन पुन्हा म्हणायचं, फरक आहे. फोन बदलला तर कुठलीही पडताळणी सुरू झाली नाही, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. "टिंबाचंच आहे ते," असं म्हणून आम्ही तो आकडा अंगवळणी पाडून घेतला. टिंब घालायचं काम दहा मिनिटांचं होतं. महिनाभर ते राहून गेलं.

सोमवारी, २५ ऑगस्टला, गणेश चतुर्थीला दोन दिवस होते. २१ तारखेचं नवं धोरण लागू झालं म्हणून साफसफाई करून टाकू, असं मनात आलं. सगळ्या पत्त्यांत शहराचं नाव एकसारखं करायचं, एवढंच ठरवलं होतं. प्लॅन चालवला. खाली आकडा आला २२. वर प्रत्येक संपर्कापुढे फोन आणि शहर अशा दोन ओळी. बाहेर कोनवाळ गल्लीच्या बाजूला निघालेल्या मंडळाच्या ताशाचा आवाज, सहकाऱ्याला घरी मखर बांधायला जायचं होतं. मी स्क्रीन भराभर वर सरकवली आणि अप्लाय केलं.

त्या बावीसपैकी एका नोंदीत दोन नव्हे, तीन ओळी होत्या. तिसरी ओळ मेलची होती.

मला आजही राहून राहून वाटतं ते याच गोष्टीचं. फोनच्या खोट्या फरकामुळे ती नोंद रोजच 'बदललेली' दिसायची. त्यामुळे खरा बदल आत आला तरी एकूण आकडा हललाच नाही. तेवीस आले असते तर मी नक्की थांबलो असतो.

मेल बदलायचं कारणही उघड होतं. पतसंस्थेच्या नोंदीत आधी जुन्या सेक्रेटरींचा जीमेल होता. बिलाच्या रजिस्टरमध्ये मात्र संस्थेच्याच डोमेनवर काढलेला नवा कार्यालयीन मेल होता. आम्हीच तो दोन वर्षांपूर्वी काढून दिला होता. संस्थेत तो कुणी उघडत नव्हतं. शाखा आपापल्या मेलवर काम करायच्या. पुढे ऑगस्टमध्ये रजिस्टर पुन्हा फाइलशी जुळवताना तो पत्ता फाइलमध्ये आला.

आयकॅनच्या नियमांत नोंदणीधारकाचं नाव, संस्था किंवा मेल यांतला बदल हा महत्त्वाचा बदल मानतात. डिसेंबर २०१६ पासूनच्या हस्तांतर धोरणानुसार असा बदल म्हणजे नोंदणीधारकच बदलल्यासारखं. जुन्या आणि नव्या, दोघांची संमती लागते, आणि डोमेनला ६० दिवसांचं कुलूप लागतं : ते नको असं आधीच कळवलेलं नसेल, तर तेवढे दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. आमच्या खात्यात संमती देण्याचा अधिकार प्रतिनिधी म्हणून आमच्याकडेच होता, म्हणून ती पायरी आवाज न करता पार पडली. मेलची पडताळणी मात्र वेगळी. रजिस्ट्रारने नव्या पत्त्यावर दुवा पाठवायचा, धारकाने तो १५ दिवसांत दाबायचा, नाहीतर रजिस्ट्रारने स्वतः खात्री करायची किंवा डोमेन थांबवायचं.

साधनाच्या दृष्टीने काम २५ ऑगस्टलाच फत्ते झालं होतं. एपीआयने यशाचा निरोप दिला, दुसऱ्या दिवशी प्लॅनमध्ये मेलचा फरक दिसला नाही. माणसाने दुवा दाबायचा भाग या सगळ्याच्या बाहेर होता आणि त्यावर कुणाचीच नजर नव्हती. चतुर्थी गेली, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, मग शहर दमून झोपतं. मंगळवारी पहाटे मुदत संपली.

अडकलेला मेल

आता गाठ अशी पडली होती. डोमेन सुरू करायला मेलमधला दुवा दाबायला हवा, आणि तो मेल त्याच बंद डोमेनवर. नवा दुवा मागवला तर तो पोहोचायचा कुठे?

एक वाट दिसली. पहिला मेल डोमेन चालू असतानाच आला असणार. मेलची पेटी ज्या सर्व्हरवर होती त्याला स्वतःचं वेगळं नाव होतं, तिकडून वेबमेल उघडला. मेल होता. २५ ऑगस्टचा, त्याखाली आठवणीचे आणखी दोन. दुवा दाबला, तर उत्तर आलं : मुदत संपली.

मग रजिस्ट्रारच्या मदत-कक्षाला लिहिलं. बाहेरचा मेल लावू द्या म्हटलं. डोमेन थांबलेलं असताना मेल बदलायचा तर संस्थेची कागदपत्रं आणि अधिकृत व्यक्तीचं ओळखपत्र पाठवा, असं उत्तर आलं. मागणी रास्त होती. कुणीही उठून पतसंस्थेचं डोमेन आपल्या मेलवर नेऊ लागला तर काय होईल?

पण कागद काढले आणि सीमाभागाचं आपलं जुनंच दुखणं समोर आलं. संस्थेचा नोंदणी दाखला कन्नडमध्ये. त्यावर नाव 'पत्तिन सहकारी संघ नियमित' या वळणाचं. संस्थेच्या पाटीवर, पासबुकावर, सभासदांच्या तोंडी मराठी नाव, शेवटी 'सहकारी पतसंस्था'. पॅन कार्डावर तिसरं, इंग्रजी 'को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी'. आणि डोमेनच्या नोंदीत पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी रोमन लिपीत लिहिलेलं मराठी नाव. गाव दाखल्यावर बेळगावी, पॅनच्या अर्जात जुनं इंग्रजी रूप. तीन भाषांत मिळून एकच संस्था, हे मला दिसत होतं, सेक्रेटरींना दिसत होतं. कुठल्या तरी दूरच्या शहरात बसून कागद ताडून पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ते कसं दिसावं?

संस्थेच्या हॉलमध्ये सेक्रेटरी आणि मी समोरासमोर बसलो होतो. ते म्हणाले, "सर, आमचं नाव आम्ही कधी बदललं नाही. प्रत्येक ऑफिसानं आपापल्या भाषेत लिहिलं, एवढंच." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

यावर एक सांगतो. ईपीपीच्या संपर्क-नोंदीत पत्त्याची दोन रूपं ठेवायची सोय आहे. एक आंतरराष्ट्रीय रूप, जे साध्या रोमन अक्षरांतच लिहायचं. दुसरं स्थानिक रूप, जे कुठल्याही लिपीत लिहिता येतं. म्हणजे संस्थेचं नाव देवनागरीत जसंच्या तसं नोंदवता येईल, अशी तरतूद नियमात आहे. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि त्यात मराठी आहे. पण आमच्या रजिस्ट्रारच्या खात्यात दुसऱ्या रूपाचा रकानाच नव्हता. तो असता, तर पाटीवरचं नाव आणि नोंदीतलं नाव एक राहिलं असतं आणि आमचे दोन दिवस वाचले असते. मराठी, कन्नड, कोंकणी सगळ्याच संस्थांसाठी हा रकाना उघडायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही संस्थेच्या लेटरहेडवर एक पत्र लिहिलं. तिन्ही नावं एकाखाली एक, प्रत्येकापुढे तो कागद कुठला ते, आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक अधोरेखित करून. शहराच्या नावापुढे २०१४ च्या नामांतराचा उल्लेख. चेअरमनांची सही, शिक्का, सेक्रेटरींचं ओळखपत्र. बुधवारी दुपारी पाठवलं.

तोवर शाखा मेलविना बसल्या होत्या. सुदैवाने संस्थेचं डॉट इन डोमेनही त्याच संपर्क-क्रमांकाला जोडलेलं होतं आणि ते चालू होतं. डॉट इन हा देशाचा विभाग, तो निक्सी ही भारतातली संस्था सांभाळते, त्याला आयकॅनचा १५ दिवसांचा नियम लागत नाही. नाव राखून ठेवायचं म्हणून घेतलेलं, कधी वापरलेलं नव्हतं. मंगळवारी रात्रीच त्यावर शाखांसाठी तात्पुरत्या पेट्या उघडल्या, अहवालही तिथे चढवला. दारावर आणि निपाणी, खानापूर शाखांच्या काउंटरवर नवा पत्ता कागदावर लिहून चिकटवला. संस्थेचं दुसरं डॉट कॉम डोमेन, जे विद्यार्थी-कर्ज योजनेसाठी होतं, तेही त्याच क्रमांकामुळे बंद पडलं होतं. ते गुरुवारपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

शुक्रवारी, १२ सप्टेंबरला सकाळी कागद मान्य झाले. नवा मेल लावण्याआधी ६० दिवसांच्या कुलपाला आम्ही नकार कळवला, तो या वेळी विसरलो नाही. दुवा आला तेव्हा सेक्रेटरी फोनवर होते, त्यांनी तो दाबला, अर्ध्या तासात होल्ड निघाला. सगळीकडे पुन्हा दिसायला संध्याकाळ झाली, कारण 'हे डोमेन नाही' हे उत्तरही काही काळ साठवलं जातं.

काय बदललं

टिंब. सगळ्यात आधी ते. नंबर पाठवण्याआधीच रजिस्ट्रारच्या रीतीत बसवले आणि शहरांची नावं ठरवून टाकली. आता शांत दिवशी प्लॅन 'काही बदल नाही' म्हणतो आणि एक ओळ जरी आली तरी तिघं मिळून ती वाचतो. साधन वापरणाऱ्या कुणालाही मी हेच पहिलं सांगेन, बाकीचं नंतर.

नाव, संस्था आणि मेल हे तीन रकाने साधनाच्या हातातून काढून घेतले. टेराफॉर्मला अमुक रकान्यांतला फरक पाहू नकोस असं सांगता येतं. पण त्यात एक खोट आहे : कुणी खात्यात शिरून मेल बदलला तर प्लॅनमध्ये तेही दिसत नाही. म्हणून एक लहान स्क्रिप्ट वेगळी लिहिली. ती फक्त वाचते. रोज पहाटे तिन्ही रकाने आमच्या नोंदवहीशी ताडते, आरडॅपवरून प्रत्येक डोमेनची स्थिती पाहते, आणि होल्ड किंवा नवा मेल दिसला तर आम्हा तिघांच्या फोनवर निरोप टाकते.

नोंदणीधारकाचा मेल त्याच डोमेनवरचा असेल, तर फाइल पुढे जात नाही. ही अट लिहायला चार ओळी लागल्या. तपासलं तेव्हा ३७ पैकी ११ डोमेनांत हीच गत निघाली. त्यातल्या एका फाउंड्रीच्या मालकांना समजावताना बराच वेळ गेला. त्यांचं म्हणणं, "धंद्याच्या मेलवरच सगळं यायला पाहिजे की." घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होतं, असं सांगितल्यावर पटलं.

प्रत्येक संस्थेला आता स्वतंत्र संपर्क-क्रमांक आहे, आणि संस्थेच्या आतही मुख्य डोमेनला वेगळा. गणपती, दिवाळी आणि ३१ मार्चच्या आसपासच्या आठवड्यांत संपर्काच्या नोंदींना हात लावायचा नाही. मेल बदलायचाच असेल तर ग्राहकाला आधी फोन, आणि दुवा दाबून होईपर्यंत फोन ठेवायचा नाही.

जी डोमेन आमच्या नावावर होती

हे लिहायला जड जातंय. त्या आठवड्यात सगळ्या नोंदी एकेक करून वाचल्या, तेव्हा ३७ पैकी ९ डोमेनांचा नोंदणीधारक मीच होतो. दहा-बारा वर्षांपूर्वी लोकांकडे ऑनलाइन पैसे भरायला कार्ड नसायचं, मेल नसायचा. "तुमच्याच नावानं करा हो, काय फरक पडतोय," म्हणायचे, आणि मी करायचो. फसवायचा विचार कधी मनात आला नाही. पण मला उद्या काही झालं असतं, तर खानापूरच्या काजूवाल्याचं वीस वर्षांचं नाव माझ्या वारसांच्या हातात गेलं असतं, त्यांना ते काय आहे हेही कळलं नसतं.

यातली सहा परत केली. प्रत्येक ठिकाणी स्वतः गेलो, त्यांचा मेल काढून दिला, पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांच्या हाताने लिहायला लावला, आणि दुवा त्यांनीच दाबला. निपाणीत एका आजोबांनी तो कागद देव्हाऱ्याशेजारच्या पेटीत ठेवला. तीन राहिली आहेत. एका ठिकाणी मालक वारले आणि दोन भावांत नाव कुणाचं यावर एकमत व्हायचंय. त्यांचं ठरेपर्यंत मी मुदत वाढवून ठेवली आहे आणि दोघांनाही तसं लेखी कळवलं आहे.

पतसंस्थेच्या संचालक मंडळाने ठरवलं की डोमेन संस्थेने स्वतःच्या खात्यात, दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं. २५ ऑगस्टच्या बदलाचं ६० दिवसांचं कुलूप तेव्हा चालूच होतं, ते निघायचं होतं २४ ऑक्टोबरला. भाऊबीज आदल्या दिवशी झाली होती. त्या शुक्रवारी सकाळी मी हस्तांतराचा कोड घेऊन संस्थेत गेलो. नव्या खात्यात नोंदणीधारक संस्था, मेल चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांना उघडता येईल असा बाहेरचा, आणि तांत्रिक संपर्काच्या रकान्यात आम्ही. कोड टाकताना सेक्रेटरींनी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, मी कागदावर बोट ठेवून ताडत गेलो.